रेचक लांबवताना

हठप्रदीपिकेत स्वात्माराम आसनं सांगण्याआधी जागा सांगतो. चांगलं राज्य असलेला, भिक्षा सहज मिळेल असा, उपद्रव नसलेला प्रदेश हवा. धनुष्यभर अंतरात दगड, आग, पाणी नको. मठी लहान असावी, दार लहान असावं, भिंतीला भोक किंवा बीळ नसावं. फार उंच नको, फार बसकी नको. शेणानं नीट सारवलेली, किडामुंगी नसलेली हवी. बाहेर मांडव, ओटा, विहीर आणि भोवती भिंत. साधारण पंधराव्या शतकातल्या या ग्रंथात एवढे बारकावे येतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. हे लिहिणारा माणूस स्वतः श्वास धरून बसलेला होता. अंगावर वारा आला, डोळ्यांवर उजेड आला, दारातून कुणी हाक मारली, की श्वासाचं काय होतं हे त्यानं पाहिलं होतं.

मावळातल्या ज्या निवासी प्राणायाम शिबिराला मी गेले, तिथली खोली या वर्णनाच्या बरीच जवळ जाणारी होती. एक खाट, एक सतरंजी, एक छोटी खिडकी, भिंतीवर काहीही नाही. मोबाइल कार्यालयात जमा करायचा आणि दुपारच्या ठरावीक वेळेतच परत मिळवायचा. जेवणात मुगाची खिचडी, दुधीची भाजी, ज्वारीची भाकरी, ताक. ग्रंथातला मिताहाराचा नियम पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायला सांगतो. इथे तो कुणी बोलून दाखवला नाही, पण वाढणाऱ्या मावशी दुसऱ्यांदा भात घालताना क्षणभर थांबून चेहऱ्याकडे बघायच्या.

आसनांचा सराव मी अनेक वर्षं करते आहे. घरी, वर्गात, प्रवासात. पश्चिमोत्तानासन, सर्वांगासन, धनुरासन यांत शरीर बऱ्यापैकी ऐकतं. श्वास मात्र कित्येक वर्षं जागचा हलला नव्हता. सकाळी वर्ग संपता संपता घाईत केलेलं पाच मिनिटांचं अनुलोम-विलोम, तेही डोक्यात दिवसभराच्या कामांची यादी चालू असताना. आमच्या पिढीतल्या बहुतेक साधकांची हीच गत आहे. आसनांवर पाऊण तास आणि प्राणायामाला शिल्लक राहील तेवढा वेळ. ही वाटणी उलटी करून बघायची म्हणून निवासी शिबिर.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. पहिल्या संध्याकाळी त्यांनी बसायला सांगितलंच नाही. पालथं झोपून मकरासन करायला लावलं. हातांवर हात, त्यावर कपाळ, पाय सैल. पोट जमिनीला टेकलेलं असलं की श्वास घेताना ते जमिनीला ढकलतं आणि ते लपवता येत नाही. छातीनं श्वास घेणाऱ्या माणसाच्या पोटाखाली काहीच घडत नाही. ताई रांगेतून चालत राहिल्या आणि फक्त एवढंच विचारत राहिल्या, "सोडलेला कुठं संपला?" घेतलेल्या श्वासाबद्दल त्यांनी त्या दिवशी एक शब्द काढला नाही.

पुढचे सगळे दिवस हाच धागा होता. नाडीशोधन, म्हणजे दोन नाकपुड्यांचा आळीपाळीचा श्वास, कुंभक (श्वास कोंडणं) नाही, तर्जनी आणि मधलं बोट मिटलेलं, अंगठा उजवीकडे, अनामिका आणि करंगळी डावीकडे. आधी पूरक (श्वास घेणं) आणि रेचक (श्वास सोडणं) सारख्या मात्रांचे. मग हळूहळू रेचक दुप्पट. चाराला आठ, पाचाला दहा. मात्रा मनात मोजायच्या, घड्याळ बघायचं नाही. आणि परीक्षा एकच. रेचक संपल्यावर पुढचा पूरक कसा येतो? तो हिसका देऊन, नाकपुडी आत ओढत आला, तर आधीचा रेचक आवाक्याबाहेरचा होता. आकडा खाली आणायचा. पुढचा श्वास शांतपणे आला, तरच आधीचा लांबला असं म्हणायचं.

प्राणायामाबद्दल मी आजवर जे वाचलं आणि ऐकलं, त्यात हा निकष मला सर्वांत मोलाचा वाटतो. किती सेकंद घेतला, किती वेळ कोंडला, हे सगळे आकडे जिद्दीनं वाढवता येतात. पुढच्या श्वासाचा शांतपणा जिद्दीनं आणता येत नाही.

यामागचं शरीरशास्त्र अगदी साधं आहे आणि ते समजून घेतलं की सराव बदलतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा, श्वासनलिका यांतच राहते. वायुकोशांपर्यंत ती पोचतच नाही आणि तिची देवाणघेवाण होत नाही. मिनिटाला १५ श्वास घेतले तर साडेसात लिटर हवेतली सव्वादोन लिटर अशी वाटेतच जाते. तेवढीच साडेसात लिटर हवा ६ सावकाश श्वासांत घेतली तर वाटेत राहते ती एक लिटरपेक्षाही कमी. हवा तेवढीच, पण कामाला येते ती अधिक.

दुसरी गोष्ट, श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. प्राणवायू कमी पडल्याची जाणीव त्या मानानं खूप उशिरा होते. म्हणूनच भराभर, जोरजोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. या मुंग्यांना कुणी प्राणशक्तीचा संचार म्हणतं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. शरीर तिथं थांबायला सांगत असतं आणि साधकाला मात्र आपली प्रगती होते आहे असं वाटत राहतं.

तिसरी गोष्ट हृदयाची. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. सोडण्याचा काळ वाढला की मंदावण्याचाही काळ वाढतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले की ठोक्यांची आणि रक्तदाबाची लय एकमेकींशी जुळते. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी यांच्या गटानं २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलेला एक अभ्यास या संदर्भात मला फार आवडतो. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर आला. जप करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना मात्रा कुणी शिकवल्या नव्हत्या, पण त्यांचा रेचक लांब होता.

हे सगळं आज प्रयोगशाळांमधून येतं, पण योगाला यंत्रासमोर बसवण्याचं काम आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. सुरू करणारा माणूस संस्कृतचा होता. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला विद्यार्थी. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत अंग कमावलेलं, नर्मदाकाठी मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे योग शिकलेला. पुढे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य. या प्राचार्यांना पडलेले प्रश्न संस्कृतच्या माणसाला सहसा पडणारे नव्हते. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना आत नेमकं काय होतं? आतडी कुठं सरकतात? १९२० च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी विद्यार्थ्यांना क्ष-किरणांसमोर उभं करून या क्रिया करायला लावल्या.

नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं. गुदमार्गे पाणी आत घेण्याच्या बस्तिक्रियेत पाणी वर कसं चढतं, याचं उत्तर त्यात होतं. या निर्वाताला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, 'माधवदास निर्वात'. गुरूवरची श्रद्धा आणि दाबमापकावरचा विश्वास एकाच माणसात सुखानं नांदताना पाहून मी दर वेळी भारावते. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. एका भागात प्रयोग, एका भागात आसनांची सचित्र माहिती, एका भागात तत्त्वज्ञान. तोवर ते स्वामी कुवलयानंद झाले होते. १९२७ मध्ये रक्तदाबाचा त्रास असलेल्या गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला. तिशीच्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे संशोधक के. टी. बेहानन लोणावळ्याला येऊन राहिले, स्वतः प्राणायाम शिकले आणि १९३७ साली त्यांनी योगावर ग्रंथ लिहिला.

त्याच माधवदासजींचे दुसरे शिष्य मणिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र. त्यांनी २५ डिसेंबर १९१८ ला वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या घरात, योगाची संस्था काढली. ती पुढे सांताक्रूझला स्थिरावली. घरगृहस्थी करणाऱ्यांसाठी योग, हा त्यांचा ध्यास. नर्मदेच्या काठावरच्या एका वृद्ध साधूचे दोन तरुण शिष्य मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात आले नसते, तर आज आपण ज्याला योगशिबिर म्हणतो ते या रूपात दिसलं असतं असं मला वाटत नाही.

कुवलयानंदांचं एक म्हणणं मला शिबिरात रोज आठवत होतं. प्राणायामाचा फायदा जास्त प्राणवायू मिळण्यात आहे, ही समजूत त्यांनी त्या काळातच बाजूला सारली होती. त्यांच्या मते खरा परिणाम होता तो मज्जासंस्थेवरच्या ताब्याचा आणि छाती-पोटातल्या दाबांच्या बदलाचा. आज, एवढ्या वर्षांनंतरही 'भरपूर ऑक्सिजन आत घ्या' असं ध्वनिक्षेपकावरून ओरडणारे वर्ग आहेत. त्यांच्या संयोजकांनी लोणावळ्याच्या ग्रंथालयात एक दुपार काढावी. १९६८ साली तिथल्याच करंबेळकर, विनेकर आणि भोळे या संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात बसलेल्या माणसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीखाली समाधी घेण्याच्या चमत्काराकडे त्यांनी हवेतल्या वायूंचं प्रमाण मोजत पाहिलं. कुणाची टवाळी नाही आणि कुणाची आरतीही नाही, फक्त मोजणी.

शिबिरातल्या आसनांकडे वळते, कारण तिथेही वेगळं काहीतरी घडलं. दुपारचा वर्ग आसनांचा होता, पण त्यात एकही नवं आसन नव्हतं. भुजंगासन, वक्रासन, मत्स्यासन, पर्वतासन. प्रत्येकात थांबून ताई विचारायच्या, "आता श्वास कुठल्या बरगडीत जातोय?" वक्रासनात एका बाजूची छाती दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूच्या बरगड्या पंख्यासारख्या उघडतात. मत्स्यासनात कंठाखालचा भाग मोकळा होतो. भुजंगासनात पाठीच्या खालच्या भागात श्वास जाणवतो, जिथं तो जातो हे मला आयुष्यात कधी जाणवलं नव्हतं. आसन हे श्वासाला जागा करून देण्याचं काम आहे, हे ऐकून माहीत होतं. बरगडी-बरगडीनं ते अंगात उतरायला रिकामे दिवस लागले.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं सिद्ध केली. लहानपणी आजारांनी पोखरलेला, छाती कमकुवत झालेला हा माणूस १९३७ साली पुण्यात आला. प्राणायाम त्यांना सहज आला नाही. वर्षानुवर्षं एकट्यानं झगडून ते तिथं पोचले. म्हणूनच बहुधा त्यांनी विद्यार्थ्यांना आधी आडवं झोपवून, पाठीच्या कण्याखाली घडी घातलेलं कांबळं किंवा लोड ठेवून श्वास शिकवला. छाती आधारानं उघडलेली राहते, पाठ ताठ ठेवण्याचे कष्ट उरत नाहीत, मग श्वासाकडे बघायला माणूस मोकळा. त्यांच्या परंपरेत महिन्याचा शेवटचा आठवडा प्राणायामाचा असतो. आधीचे आठवडे उभ्या, पुढे वाकण्याच्या, मागे वाकण्याच्या आसनांनी शरीर तयार करण्यात जातात. 'लाइट ऑन योगा' १९६६ चं, 'लाइट ऑन प्राणायाम' १९८१ चं. मधल्या पंधरा वर्षांकडे बघितलं की आठवड्याभरात प्राणायामाचा 'प्रगत स्तर' देऊ करणाऱ्या जाहिरातींविषयी वेगळं काही बोलावं लागत नाही.

जाहिरातींचा विषय निघालाच आहे तर गोव्याच्या किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या घाटमाथ्यापर्यंत सध्या जे चाललं आहे त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पोहण्याचा तलाव, मालिश, सूर्यास्ताचा फोटो आणि मध्ये तासभर भस्त्रिका. विश्रांतीसाठी जरूर जावं, त्यात काही वाईट नाही. पण तिथे ज्या बेफिकिरीनं शंभर माणसांना एकाच ठेक्यावर कपालभाती करायला लावतात, ती मला धोकादायक वाटते. उच्च रक्तदाब, हर्निया, अपस्मार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, यांत कपालभाती आणि भस्त्रिका टाळायची असते. काचबिंदू असलेल्यानं डोकं खाली जाणारी आसनं करायची नसतात. हे आधी विचारणारा कागद ज्या शिबिरात भरून घेत नाहीत, तिथं पैसे भरू नयेत. स्वात्मारामानंही बजावलं आहे की श्वास सिंहासारखा, हत्तीसारखा, वाघासारखा हळूहळूच वश होतो, नाहीतर साधकाचा घात करतो. चुकीच्या प्राणायामानं उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळ्यांचं दुखणं मागं लागतं, हेही त्यानं लिहून ठेवलं आहे.

आमच्या गटात एसटीतून निवृत्त झालेले एक चालक काका होते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू. ताईंनी त्यांना भस्त्रिकेच्या वेळी बाजूला बसवून भ्रामरी दिली. पहिल्या दिवशी त्यांना ते कमीपणाचं वाटलं, हे चेहऱ्यावरून दिसत होतं. भ्रामरीत रेचकाबरोबर भुंग्यासारखा गुंजारव करायचा. आवाज असल्यामुळे रेचक आपोआप लांबतो आणि एकसारखा राहतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवून दिलं की गुणगुणताना नाकातून बाहेर येणारा नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या मानानं सुमारे पंधरा पट वाढतो. काकांना हे ताईंनी सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं. शेवटच्या दिवसांत सगळ्यांत लांब गुंजारव त्यांचा होता, आणि गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कमी करायची नाही, हे ताईंनी त्यांच्याकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं.

ख्याल गाणारी एक तरुण मुलगीही होती. तिच्याबद्दल मला वाटलं होतं की हिला सगळं सोपं जाणार. गाताना तिचा श्वास आम्हा सगळ्यांच्या दुप्पट पुरायचा. पण स्वर नसलेला रेचक तिला सांभाळता येईना. तो मध्येच सांडायचा. गवयाचा श्वास स्वराच्या आधारानं चालतो, पूरक झटक्यात आणि गुपचूप घ्यायचा असतो. इथे पूरकही सावकाश, रेचकही मूक. ताईंनी तिला उज्जायी दिला, ज्यात कंठ किंचित आवळून श्वासाला हलकासा घर्षणाचा आवाज येतो. त्या आवाजावर तिचा रेचक टेकला. मग तो आवाज हळूहळू कमी करायला सांगितला. एका विद्यार्थिनीचा श्वास कशावर उभा आहे हे ओळखून तो आधार आधी देणं आणि मग काढून घेणं, ही शिकवण्याची खरी कला मला इथं बघायला मिळाली. चित्रफितीवरून शिकणाऱ्याला हे मिळत नाही.

सकाळी उजाडायच्या आधी जलनेती. उकळून कोमट केलेलं पाणी, अर्ध्या लिटरला साधारण एक छोटा चमचा मीठ, म्हणजे रक्ताच्या खारटपणाशी जुळणारं, त्यामुळे नाकात झोंबत नाही. तोंड उघडं ठेवून तोंडानंच श्वास, मान कलती, एका नाकपुडीतून आत आणि दुसरीतून बाहेर. त्यानंतर वाकून नाक नीट कोरडं करायचं, यात टाळाटाळ चालत नव्हती. नाक स्वच्छ असल्याशिवाय नाडीशोधनाच्या मात्रा मोजण्याला अर्थ नाही, एवढं साधं कारण. पाणी न उकळता नेती करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी ते लगेच थांबवावं, कारण अशुद्ध पाण्यातून नाकावाटे दुर्मीळ पण जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

रात्री पुस्तकांच्या कपाटापाशी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडला. मूळबंध, उड्डियान, जालंधर या बंधांचं वर्णन माउलींनी तिथं ज्या शारीर तपशिलानं केलं आहे, ते गीतेच्या मूळ श्लोकांत नाही. नाथपंथाचा वारसा त्यातून बोलतो. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांना मिळालेली ही विद्या आळंदी-त्र्यंबकच्या भूमीतली आहे. आपण वारी धरून ठेवली, हरिपाठ धरून ठेवला. सहाव्या अध्यायातला तो भाग मात्र पारायणात भराभर वाचून पुढं जातो. मराठी योगशिबिरांत तो सावकाश वाचला जावा, आणि ज्यानं बंध स्वतः केले आहेत अशा शिक्षकानं तो समजावून सांगावा, अशी माझी फार इच्छा आहे.

कुंभक मागितला तो शेवटच्या दिवशी. एकाला चार, त्याला दोन, म्हणजे पूरकाच्या चौपट कुंभक आणि दुप्पट रेचक, हे परंपरेचं प्रमाण पुस्तकांत वाचलेलं असतं आणि ते खुणावत राहतं. गटातल्या तिघा-चौघांनी विचारलं, मीही त्यात होते. ताईंनी प्रत्येकाला समोर बसवून थोडा वेळ फक्त बघितलं. रेचकाचा शेवट, मग पूरकाची सुरुवात. गाणाऱ्या मुलीला त्यांनी चार मात्रांचा छोटा कुंभक दिला. मला म्हणाल्या, "तुमचा दहावा रेचक संपताना खांदे वर येतात. घरी जाऊन तीन महिने पाचाला दहा एवढंच करा. पोट रिकामं, वेळ एकच, खोली एकच. पावसाळा संपल्यावर पुन्हा या, मग बघू."

घरातली माळ्याखालची खोली मी त्यासाठी रिकामी केली आहे. शिलाई मशीन बाहेर काढलं, खिडकीला जाड पडदा लावला, पहाटे साडेपाचला तिथं कुणी हाक मारायची नाही असं घरच्यांशी ठरलं. सध्या पाचाला नऊवर आहे.